चेनला काय पाजलं? परभणीच्या धुळीतलं एक वर्ष

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास माझी सायकल चिवचिवायला लागली. सपाटीला गप्प असायची, पण जरा चढ आला, पायडलवर जोर पडला की चिव, चिव, चिव. कॉलेजच्या फाटकातून आत शिरताना अकरावीतल्या एका पोरानं विचारलंच, "सर, चिमणी पाळली का हो सायकलीत?" घरी आलो आणि नेहमीप्रमाणे जळक्या ऑइलचा डबा काढला. गॅरेजवाल्याकडून फुकट आणलेलं, कुणाच्या तरी गाडीतून काढून टाकलेलं काळंकुट्ट ऑइल. ब्रशनं चेनवर फासलं. चिमणी दोन दिवस गप्प बसली, तिसऱ्या दिवशी परत आली.

मी परभणीत राहतो आणि गंगाखेड रोडवरच्या एका गावात कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. जायला १६ किलोमीटर, यायला १६. शेवटचे दोन किलोमीटर कच्चा रस्ता, काळी माती. सायकल साधीच, मागे आठ गिअर, पुढे तीन. सुट्ट्या आणि लग्नसराई वजा जाता वर्षाला पाच हजार किलोमीटरच्या आसपास होतात. गाडी आहे घरी, पण ती लेक क्लासला नेते.

शेवटी पाथरी रोडच्या चाचांकडे गेलो. पत्र्याचं शेड, दारात पाण्याचं टोपलं, आत टायरींचा ढीग. चाचांनी चेन उतरवली, दोन्ही हातांत आडवी धरली आणि वाकवली. ती धनुष्यासारखी वाकली. नवी चेन आडवी अशी वाकत नाही. मग खिशातून टेप काढला. चेनीची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे चोवीस कड्या मोजल्या तर पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर बारा इंच भरायला पाहिजेत. माझ्या चेनीत बाराच्या पुढे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त भरलं. "चेन तो गई सर. साथ में फ्रीव्हील भी ले गई," चाचा म्हणाले. अर्धा सूत वाढली तेव्हाच बदलली असती तर मागची दातेरी चकती वाचली असती. एकूण २,७०० रुपये, मजुरी धरून.

मी जरा घुश्शातच म्हणालो की अहो चाचा, दर आठवड्याला तेल पाजतो मी तिला. त्यावर त्यांनी जुन्या चेनीची एक पीन ठोकून बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पीन एका बाजूनं खाल्लेली होती, नखाला खाच लागत होती. बाहेरून मात्र चेन ऑइलनं चमकत होती. "तेल पेट में होना सर, पीठ पे नक्को."

मला हे चाळिशी ओलांडून कळलं याची लाज वाटली, कारण प्रयोगशाळेत मी पोरांना घर्षण शिकवायच्या तासाला साहित्य मांडून देतो. या रोलर चेनचं पेटंट हान्स रेनॉल्डनं मँचेस्टरमध्ये १८८० साली घेतलं. कल्पना तेव्हापासून तीच आहे: पीन, तिच्याभोवती फिरणारा रोलर, दोन्हीकडून पट्ट्या. जिथं पीन आतल्या भागावर घासते तिथं झीज होते आणि प्रत्येक कडीत केसाएवढी फट वाढली की शंभरेक कड्यांची मिळून चेन लांबते. लोखंड ताणलं जात नाही, आतून झिजतं. म्हणजे तेल लागतं ते त्या पिनेच्या भोवती. बाहेरच्या पट्ट्यांना त्याचा उपयोग गंज लागू नये एवढाच, बाकी ते धूळ जमा करतं. आणि जळक्या ऑइलमध्ये आधीच इंजिनातली काजळी आणि लोखंडाचा बारीक चुरा असतो. मी दर रविवारी चेनला पॉलिश पेपर पाजत होतो म्हणायचं.

नवी चेन चढली आणि ठरवलं की एक वर्ष एकेक वस्तू नीट वापरून बघायची, वहीत किलोमीटर लिहायचे. खालचं सगळं त्या वहीतून आहे. ज्या वस्तूबद्दल माझी तक्रार आहे तिचं नाव लिहीत नाही, कारण दोष बाटलीचा किती आणि माझा किती हे बऱ्याचदा ठरवता आलं नाही.

पहिली पाळी शिलाई मशीनच्या तेलाची. शंभर मिलीची बाटली, पन्नास रुपये, टोपणाला बारीक नळी. पाण्यासारखं स्वच्छ, पातळ तेल. पातळ असल्यामुळे ते रोलरच्या बाजूच्या फटीतून आत झिरपतं, आणि हेच तर पाहिजे. माझ्या चेनला ११२ कड्या आहेत. ड्रॉपर घेऊन बसलो, एका रोलरवर एक थेंब, पायडल उलटं फिरवत पुढची कडी. पाच-सात मिनिटांचं काम, रेडिओवर बातम्या लावून होतं. मग वीस-तीस वेळा पायडल उलटं फिरवायचं, चहा घ्यायचा, आणि परत येऊन जुन्या बनियनच्या तुकड्यानं चेन अशी पुसायची की आपण तेल घातलंच नव्हतं. ही शेवटची पायरी माझ्या बायकोला पटेना. "अहो, घालायचं आणि लगेच पुसून टाकायचं, मग घालता कशाला?" पिनेपाशी गेलेलं तेल पुसून निघत नाही, आणि पुसलं जातं ते नकोच असलेलं, हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

नव्या चेनीबद्दल एक गोष्ट इथंच सांगतो. कारखान्यातून ती ग्रीस लावूनच येते आणि ते ग्रीस आतपर्यंत गेलेलं असतं. नवी चेन आणून आधी डिझेलमध्ये बुचकळणारे लोक आहेत, ते चांगलं वंगण फेकून देतात. तेलच वापरणार असाल तर बाहेरून कापडानं पुसा आणि पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर तशीच चालवा. मेण लावणार असाल तर मात्र ते ग्रीस पूर्ण काढावंच लागतं, त्याकडे येतोच.

मशीनच्या तेलाचा माझा अनुभव ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. आवाज शून्य, पायडल हलकं. पण ८० किलोमीटर झाले की चेन कोरडी पडायची, म्हणजे आठवड्यातून दोनदा बैठक. दुसरं म्हणजे हंगाम. सोयाबीनची मळणी चालू होती, निम्मा रस्ता भुशानं भरलेला. ओलसर चेनला तो भुसा चिकटतो, मग चेनव्हीलच्या दातांत चुरतो. नंतर कापूस. वेचणीच्या दिवसांत टेम्पो गच्च भरून जातात, रस्त्याच्या कडेला बोरी-बाभळींवर पिंजा लटकलेला असतो, तसाच तो मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्राच्या, दोन छोट्या चाकांभोवती गुंडाळला जातो. तेल लागलेला कापूस म्हणजे वातच. सुईनं काढावी लागायची. तरी सांगतो, ज्याची सायकल रोज पाच-सात किलोमीटर गावात फिरते त्याला याच्यापलीकडे काही घ्यायची गरज नाही. माझ्या ड्रॉपरनं एका मिलीत पंचवीस थेंब बसतात, म्हणजे एका वेळेला साडेचार मिली तेल. हिशेब केला तर किलोमीटरला तीन पैसेसुद्धा पडत नाहीत.

डिसेंबरात आमच्या एका सरांनी मोटारसायकलच्या चेनचा स्प्रे दिला. "सातशे किलोमीटर बघायचं काम नाही," म्हणाले. त्यांचं त्यांच्या गाडीपुरतं खरंच आहे. आजकालच्या बऱ्याच मोटारसायकलींच्या चेनमध्ये पट्ट्यांच्या मध्ये रबरी रिंगा असतात, त्यांनी आतलं ग्रीस कारखान्यातच कोंडून ठेवलेलं असतं. त्यामुळे स्प्रेला आत जायचंच नसतं. बाहेर चिकटून बसणं, वेगात उडून न जाणं, हे त्याचं काम. सायकलच्या चेनला अशा रिंगा नसतात. तिला आत जाणारं पाहिजे आणि बाहेर न चिकटणारं पाहिजे, म्हणजे नेमकं उलटं. चार दिवसांत माझी चेन गुळाच्या ढेपेसारखी झाली. परभणीची सगळी धूळ तिच्यावर बसली. ती साफ करायला रविवारची अख्खी दुपार गेली आणि अर्धा लिटर डिझेल. पूर्वी हे काम रॉकेलवर व्हायचं, आता रॉकेल बघायला मिळत नाही. ते काळं डिझेल नालीत ओतू नका, बाटलीत भरून ठेवलं तर गाळ खाली बसतो आणि वरचं परत वापरता येतं.

डब्ल्यूडी-४० बद्दल सगळेच विचारतात. नावातच उत्तर आहे. वॉटर डिस्प्लेसमेंट, म्हणजे पाणी हटवणारं, चाळिसावा प्रयोग. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला ते तयार झालं, ॲटलास नावाच्या क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून. गंजलेला नट सोडवायला, पाणी हटवायला, चिकट चेन साफ करायला उत्तम. पण त्यात उडून जाणारा भाग जास्त असल्यामुळे मागं राहणारा थर पातळ असतो, चेनला तो पुरत नाही. कंपनी सायकलच्या चेनसाठी वेगळं ल्यूब, म्हणजे वंगण, विकते, यावरूनच काय ते समजावं. आमच्या घरी अण्णांची ॲटलास सायकल आहे, सोनीपतची. क्षेपणास्त्राचं आणि तिचं नाव एकच हे अण्णांना सांगितल्यावर ते म्हणाले, "ते क्षेपणास्त्र आहे का अजून? माझी सायकल आहे." कारखाना मात्र राहिला नाही. कंपनीचा साहिबाबादचा शेवटचा चालू कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, आणि तो दिवस जागतिक सायकल दिवस होता.

खायच्या तेलाचं. हे टाळता येणार नाही, कारण आमच्याकडे पहिला सल्ला हाच मिळतो. शिपाईमामा म्हणाले, "बैलगाडीच्या आसाला आमचे आजोबा करडीचं तेलच घालायचे, तुमच्या सायकलीला काय धाड भरली?" करडई हे आमचं पीक. इथल्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम' नावाचं वाण काढलेलं आहे. तेव्हा करडीला नाही म्हणणं म्हणजे गावाशी बेइमानी. पण तेलं दोन जातीची असतात, हवेत वाळणारी आणि न वाळणारी. प्रयोगशाळेत त्याला माप आहे, आयोडीन मूल्य. खोबरेल तेलाचं दहाच्या आसपास, शेंगदाण्याचं नव्वदच्या आसपास आणि करडीचं एकशे चाळीसच्या आसपास. आकडा जितका मोठा तितकं ते तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन लवकर घट्ट होतं. जवस आणि करडीचं तेल रंगात, व्हार्निशात घालतात ते याचसाठी. मी जुन्या चेनीचा वीतभर तुकडा करडीच्या तेलात बुडवून प्रयोगशाळेच्या खिडकीत टांगला. महिन्यानं तो तपकिरी झाला होता, लाखेचा लेप दिल्यासारखा, आणि चार कड्या जागच्या हलेनात. मामांना दाखवला. मामा म्हणाले की आजोबा रोज घालायचे. तेही खरं असेल. खोबरेल तेल वाळत नाही, पण आमच्याकडे जानेवारीत बाटलीतच थिजतं, त्यामुळे तो विषय तिथंच मिटला.

जानेवारीत सायकलचं म्हणून जे खास मिळतं त्याकडे वळलो. दोन नावं ऐकून होतो, ड्राय ल्यूब आणि वेट ल्यूब. एका मोठ्या दुकानात गेलो. शहराचं नाव सांगत नाही. तिथल्या मुलानं मला अगदी आत्मविश्वासानं समजावलं: "काका, ड्राय म्हणजे चेन कोरडी असंल तर मारायचं. आणि वेट म्हणजे सायकल धुतल्यावर, ओली असतानाच." दोन्ही घ्या म्हणाला. खरं तर साधं आहे हो. ड्राय म्हणजे कोरड्या हवेसाठी, वेट म्हणजे पावसाळी हवेसाठी. दोन्ही बाटलीत द्रवच असतात आणि दोन्ही लावायच्या स्वच्छ, पूर्ण कोरड्या चेनला. ओल्या चेनला काहीही लावलं तरी पाणी आत कोंडलं जातं.

ड्रायची साठ मिलीची बाटली ४८० रुपयांना घेतली. हे तेल नसतंच म्हणायला हरकत नाही. मेण किंवा टेफ्लॉनसारखा पदार्थ उडून जाणाऱ्या द्रावणात घातलेला असतो, द्रावण उडालं की पिनेवर पातळ थर राहतो. म्हणून बाटली जोरात हलवायची आणि आदल्या रात्री लावायचं. मी पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला लावलं आणि पावणेसातला निघालो. द्रावण उडायच्या आधी सगळं शिंतोड्यांनी मागच्या रिमवर गेलं, आणि पिंगळीला वळणाऱ्या रस्त्यापाशी एक कुत्रं आडवं आलं तेव्हा ब्रेक लागता लागता राहिला. कुत्रं वाचलं. डिस्क ब्रेकवाल्यांनी तर फारच जपावं, चकतीवर एक थेंब पडला तर पॅड बदलायची वेळ येते.

रात्री लावायला लागल्यावर मात्र ड्रायनं खूश केलं. चेनला बोट लावलं तर बोट जवळजवळ स्वच्छ. भुसा, पिंजा, धूळ, काही चिकटत नाही. ११० किलोमीटरला एकदा लावावं लागे. किलोमीटरला ३३ पैशांच्या आसपास पडलं, म्हणजे मशीनच्या तेलाच्या अकरा-बारा पट. मला ते जड वाटलं. शिवाय बाटली संपली की ऑनलाइन मागवा, चार दिवस थांबा.

याच सुमारास मेणाबद्दल वाचलं. ऑस्ट्रेलियात झीरो फ्रिक्शन सायकलिंग म्हणून एक मंडळी आहेत, ते यंत्रावर हजारो किलोमीटर चेन फिरवून, मध्येच मुद्दाम माती घालून, मग पाणी घालून, कोणत्या वंगणानं किती झीज होते ते मोजतात. त्यांच्याकडे वितळलेल्या मेणात बुडवलेल्या चेनी बरोबरीच्या तेलांपेक्षा फार कमी झिजलेल्या दिसतात. मुद्दाम घातलेली माती वाचून मला हसू आलं. त्यांना ती घालावी लागते. वसमत रोडला झिरो फाट्यावर या म्हणावं मे महिन्यात, फुकट मिळेल.

मेण माझ्या ओळखीचं. साधं पॅराफिन, ५८-६० अंशाला वितळणारं. किलोभर आणलं, अडीचशे रुपये. इथून पुढं जरा सविस्तर सांगतो, कारण लोक अर्धवट करतात आणि मग मेणाला नावं ठेवतात.

आधी चेनमधला तेलाचा अंशही जायला पाहिजे. मी घट्ट झाकणाच्या बरणीत चेन आणि डिझेल घालून खळखळ हलवलं, ते काळं झालं की बदललं. डिझेल स्वतःच तेलकट असतं, म्हणून मग भांड्याच्या साबणाच्या गरम पाण्यात धुतली, मग दोनदा स्पिरिटमध्ये. स्पिरिटचं काम अंगणात, गॅसपासून लांब, हे मला पोरांना सांगून सांगून पाठ आहे, तुम्हालाही सांगतो. दिवसभर उन्हात वाळवली. मार्चच्या तोंडावर वाळायला काय वेळ लागतो?

मेण कधीही थेट गॅसवर ठेवायचं नाही, पेट घेतं. पातेल्यात पाणी, पाण्यात पत्र्याचा डबा, डब्यात मेण. पातेलं बायकोनं दिलं नाही, अंघोळीचं पाणी तापवायचं जुनं भगुणं मिळालं. मेण पाण्यासारखं झालं की तारेत ओवलेली चेन सोडायची. आणि मग जे दिसतं ते बघण्यासारखं असतं: प्रत्येक रोलरमधून बारीक बुडबुडे येतात, शेकड्यानं. आतली हवा बाहेर पडतेय आणि तिच्या जागी मेण शिरतंय. तेल पोटात गेलं का नाही हे कधी डोळ्यांनी दिसत नाही, इथं दिसतं. बुडबुडे थांबेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं ढवळत राहायचं. मग गॅस बंद करून मेणावर साय धरायला लागली की चेन काढायची, फार गरम असताना काढली तर सगळं निथळून जातं. गार झाल्यावर ती काठीसारखी ताठ होते. लेकीनं ती तलवारीसारखी धरून फोटो काढला. एका गोल दांड्यावरून प्रत्येक कडी मोडत नेली की मोकळी होते, आणि सायकलवर पहिले पाच किलोमीटर मेणाचा भुगा उडतो.

फेब्रुवारी संपता संपता सुरुवात केली ती जूनपर्यंत. २८० ते ३०० किलोमीटरला आवाज बदलतो, ओला चिवचिवाट नसतो तो, कोरडी खडखड असते. की परत बुडवायची. पुढच्या वेळी डिझेल नाही, साबण नाही, फक्त उकळतं पाणी ओतायचं, जुनं मेण धुळीसकट निघून जातं. एक किटली पाणी. हे मी मुद्दाम लिहितोय. मे महिन्यात आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि चेन धुवायला बादली मागितली असती तर मीच घराबाहेर राहिलो असतो. चेन काढायला-घालायला क्विक लिंक, म्हणजे उघडता येणारी जोडकडी, पाहिजे, ती आठ गिअरच्या चेनला पुन्हा पुन्हा उघडता येते. चाचांनी आणखी एक शहाणपण सांगितलं, दोन चेनी ठेवा आणि दोन्ही एकदम बुडवा, म्हणजे महिन्यातून एकच रविवार जातो.

उन्हाची भीती होती. ४३ अंशात मेण गळेल का? गळलं नाही. वितळायला त्याला बरंच वर जावं लागतं. उन्हात उभ्या सायकलीचं लोखंड किती तापतं ते मात्र मी हात लावून पाहिलंय, म्हणून सायकल लिंबाखालीच लावतो. पँट मात्र चार महिने स्वच्छ. "तुमच्या पँटी धुवायला तुमची चेन येणार आहे का?" हे वाक्य घरात ऐकू आलं नाही.

ज्यांना हा मेणाचा उद्योग नको त्यांच्यासाठी थेंबाथेंबानं लावायचं पाण्यातलं मेण मिळतं. दक्षिण आफ्रिकेत तयार होणारं स्क्वर्ट त्यातलंच. मी ते उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसऱ्या चेनवर वापरलं. तेही आदल्या रात्री आणि पहिल्यांदा दोन थर लावायचे. बुडवलेल्या मेणाच्या निम्मं टिकलं, पण भगुणं नाही, गॅस नाही. नोकरदार माणसाला मी हेच सांगेन. जुन्या तेलकट चेनवर लावलं तर मात्र त्याचा चिखल होतो.

मग पाऊस आला आणि मेणाचं राज्य संपलं. जूनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी पोखर्णीकडून काळं आभाळ आलं, मी भिजलो, सायकल तशीच ओसरीत लावली. शनिवार-रविवार बघितलंच नाही. सोमवारी चेन नारिंगी झाली होती. मेण तेलासारखं लोखंडाला धरून राहत नाही, पाणी शिरलं की गंजाला रान मोकळं. भिजल्या दिवशीच पुसून, वाळवून परत बुडवणार असाल तर पावसातही मेण चालतं. मला तेवढी उमेद नाही.

वेट ल्यूब काढलं. जाडसर तेल, काकवीहून पातळ. ओल्या रस्त्यावर याला तोड नाही, सलग भिजत पाच दिवस, म्हणजे १६० किलोमीटर, चेन गप्प. पण काळ्या मातीची गोष्ट वेगळी. ती नुसती चिकटत नाही, ती साठते. कच्च्या रस्त्यावर शंभर पावलांत टायर आणि फोर्कच्या मध्ये ठासून बसते, चाक फिरायचं थांबतं, मग सायकल खांद्यावर. ती माती चेनवर असताना वरून तेल सोडणं म्हणजे परत पॉलिश पेपर. कॉलेजच्या हौदावर मग्गाभर पाणी मारून आधी माती काढायची, फडक्यानं कोरडी करायची, संध्याकाळी घरी थेंब. आणि रोज, अगदी रोज, निघताना एकदा चेन मुठीतल्या फडक्यातून फिरवायची. वेट ल्यूब वापरून न पुसणाऱ्यापेक्षा मशीनचं तेल घालून रोज पुसणाऱ्याची चेन जास्त दिवस जाईल, असं आता माझं पक्कं मत झालंय. या वेटचे मी पाचपैकी चार देतो, एक माझ्या पँटीसाठी कापला. ऑक्टोबरात भुसा उडायला लागला की चेन धुवून परत मेण.

परवा चाचांकडे टेप लावला. दोन्ही चेनी मिळून पाच हजाराच्या पुढे गेल्यात, आणि जी जास्त पळाली तीसुद्धा अजून अर्धा सूत वाढलेली नाही. आधीची चेन साडेतीन हजारात सूतभर वाढली होती. यात मेण किती, पुसणं किती आणि दोन चेनींत वाटलेलं काम किती, हे वेगळं काढता येत नाही. चाचांनी मेणाचा तुकडा वास घेऊन बघितला आणि आपल्या पोराला म्हणाले, "देख, सर मोमबत्ती जला रहे चेन में."

अण्णांच्या ॲटलासलाही मेण लावून देतो म्हणालो होतो. तिच्या चेनला दोन्ही बाजूंनी बंद कव्हर आहे, आत धूळ जात नाही, पाणी जात नाही. कव्हरला वर एक बोटाएवढी झडप आहे. अण्णा दिवाळीला आणि अक्षय्य तृतीयेला ती उघडतात, मशीनच्या तेलाची नळी आत घालतात, पायडल फिरवतात, झडप लावतात. चेन कधी बदलली होती ते त्यांना आठवत नाही. माझं भगुणं, डबा, तार बघून त्यांनी सायकल भिंतीच्या पलीकडे नेऊन लावली आणि सांगितलं, "तिला हात लावू नको."